शिकून घेतलेली भाषा

आम्ही ज्या भागांत राहतों त्याचें नांव शीव. शीव म्हणजे हद्द. मुंबईचें बेट जेथें संपे आणि खाडीपलीकडे साष्टीचा मुलूख लागे, तेथली ही वस्ती. सतराव्या शतकांत जेरल्ड आँजियर हा मुंबईचा गव्हर्नर असतां येथल्या टेकडीवर जो लहानसा किल्ला उभा राहिला, तो पलीकडच्या पोर्तुगीज मुलखावर नजर ठेवण्यासाठींच. आतां अलीकडे आणि पलीकडे असें कांहीं उरलें नाहीं. स्टेशनच्या पाटीवर मराठींत 'शीव' आणि इंग्रजींत 'सायन' अशीं दोन नांवें शेजारीं शेजारीं नांदतात, आणि अस्सल मराठी माणूसही तिकीट मागतांना 'सायन'च म्हणतो.

या वस्तींतल्या एका मराठी शाळेंत आम्हीं तीस वर्षें इंग्रजी शिकविलें. निवृत्तीनंतर स्वस्थ बसावें असा घरच्यांचा आग्रह होता. परंतु एका जुन्या विद्यार्थ्याच्या ओळखीनें कोरियांतील कांहीं मंडळींस संगणकाच्या पडद्यावरून इंग्रजी शिकविण्याचें काम आपण होऊन चालत आलें, आणि गेलीं पांच वर्षें तें चाललें आहे. कोरियाचें घड्याळ आपल्यापुढें साडेतीन तास. आमच्याकडे दुपारीं साडेचारला चहाचें आधण ठेवलें जातें, तेव्हां तिकडे रात्रीचे आठ वाजलेले असतात, आणि दिवसभर राबून आलेला सोलचा एखादा हिशेबनीस किंवा बुसानच्या इस्पितळांतील एखादी परिचारिका वही उघडून बसलेली असते. आमच्या या उद्योगाची बातमी चाळींत पसरली तेव्हां एका शेजाऱ्यांनीं जिन्यांत गांठून विचारलें, "काय हो सर, त्यांना कोणी साहेब मिळाला नाहीं वाटतें?" त्यांनीं थट्टा केली, पण हाच प्रश्न तिकडच्या सरकारानेंही मांडला आहे, आणि तो थट्टेनें नव्हे.

परदेशी माणसास इंग्रजी संभाषणाचा शिक्षक म्हणून दक्षिण कोरियांत जावयाचें तर ई-२ नांवाचा परवाना लागतो. तो सात देशांच्या नागरिकांसाठीं आहे: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. इंग्रजी ही ज्यांची मातृभाषा ते हे देश, अशी समजूत. दक्षिण आफ्रिकेंत घरीं झुलू बोलणारांची संख्या इंग्रजी बोलणारांहून पुष्कळ मोठी आहे, तरी तो देश यादींत आहे, भारत नाहीं. पुढें २००९ साली भारत व कोरिया यांच्यांत व्यापक आर्थिक भागीदारीचा करार झाला आणि १ जानेवारी २०१० पासून तो अंमलांत आला. त्यानें दार थोडें किलकिलें झालें: शिक्षकाची सनद असलेल्या भारतीयांस तेथील शाळांत इंग्रजीचे साहाय्यक शिक्षक म्हणून जाण्याची सोय त्यांत आहे. 'साहाय्यक' या शब्दाचा राग मानण्याचें कारण नाहीं. मुख्य शिक्षक कोरियन आणि त्याच्या जोडीला परदेशी, अशीच तिकडच्या सरकारी शाळांतील पद्धत आहे. आम्हांस अडखळावयास होतें तें 'मातृभाषा' या शब्दापाशीं. भाषा आईच्या दुधाबरोबर मिळाली तरच ती दुसऱ्यास देतां येते, कीं रात्रीं दिव्याखालीं बसून मिळविलेलीही देतां येते?

हा प्रश्न आमच्यापुढें पुस्तकी राहिला नाहीं. आरंभीं एका मध्यस्थ कंपनीनें आमची परीक्षा घेतली. उच्चार स्पष्ट आहेत, व्याकरण पक्कें आहे, असा अभिप्राय देऊन तिनें दोन अटी घातल्या: एखादें सुटसुटीत इंग्रजी नांव धारण करावें, आणि आपण मुंबईहून बोलत आहोंत हें शक्यतों सांगूं नये. साठी उलटल्यावर वडिलांनीं ठेवलेलें नांव टाकून कोणा टॉमचें किंवा हॅरीचें नांव लावून घेण्याची आमची तयारी नव्हती. आम्हीं नकार दिला. पैसे बरे होते, हें खरें.

पुढें ही हकीकत आम्हीं त्या हिशेबनिसास सहज सांगितली. तो क्षणभर गप्प राहिला आणि म्हणाला कीं आपल्या पणजोबांनाही नांव बदलावें लागलें होतें. कोरियावर १९१० पासून १९४५ पर्यंत जपानचें राज्य होतें. १९३८ नंतर तेथल्या शाळांतून कोरियन भाषा हटत गेली. १९४० साली लोकांना जपानी धर्तीचीं नांवें घेणें भाग पाडलें गेलें. आणि १९४२ साली ज्या भाषामंडळाचे विद्वान कोरियन भाषेचा कोश रचीत होते त्यांस पकडून तुरुंगांत टाकलें. कोश करणाऱ्यांना तुरुंग! आपल्याकडे राज्यकर्त्यांची भाषा इंग्रजी होती. त्यांच्याकडे तें स्थान जपानीचें होतें, आणि इंग्रजी ही त्यांच्या राजानें बोलावून आणलेली पाहुणी: १८८६ साली सरदारांच्या मुलांसाठीं राजाच्या आश्रयानें एक शाळा निघाली आणि तीन अमेरिकन शिक्षक तेथें आणले गेले. म्हणून इंग्रजीविषयीं आपल्या मनांत जो दबलेला सल असतो, तो त्यांच्यांत आम्हांस दिसला नाहीं. दिसली ती भीति. आणि ती राज्यकर्त्यांची नसून परीक्षेची.

त्या परीक्षेविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. दर नोव्हेंबरांत एका गुरुवारीं तेथें विद्यापीठाच्या प्रवेशासाठीं 'सुनुंग' नांवाची देशव्यापी परीक्षा होते. तींत इंग्रजी ऐकून उत्तरें देण्याचा भाग सुरू झाला म्हणजे अर्ध्या तासाहून थोडा अधिक वेळ सबंध देशांत विमानें उडूं देत नाहींत कीं उतरूं देत नाहींत. मुलांच्या कानांवर दुसरा आवाज पडूं नये म्हणून. शीवला राहून, खालचे भोंगे ऐकत शुद्धलेखन घालणाऱ्या आम्हांस ही गोष्ट परीच्या कथेसारखी वाटली. सरकारनें १९९५ पासून परदेशी शिक्षक आणविण्याची योजना चालविली, १९९७ पासून तिसऱ्या इयत्तेंत इंग्रजी सुरू केली. शाळेबाहेर 'हागवन' म्हणून शिकवणीचे वर्ग गल्लोगल्लीं आहेत, आणि सोल शहरांत ते रात्रीं दहानंतर चालवूं नयेत असा नियम करावा लागला, यावरून काय तें समजावें. दादरकडच्या क्लासवाल्यांनीं ही बातमी अद्याप वाचलेली नसावी.

इतकें करून निष्पन्न काय होतें? आमच्याकडे येणारी बहुतेक मंडळी गहन इंग्रजी उतारा सरासर वाचतात, आणि 'काल काय केलें?' या प्रश्नाला उत्तर देतांना त्यांना घाम फुटतो. आम्हांस हें दृश्य नवें नव्हतें. मराठी शाळेंतून पहिल्या वर्गांत उत्तीर्ण होऊन कॉलेजांत गेलेलीं आमचीं कितीतरी मुलें पहिलें वर्षभर मागच्या बांकावर मुकीं बसलीं होतीं.

येथेंच आमच्या शिकून घेतलेल्या इंग्रजीचा उपयोग सुरू झाला. 'मी काल बाजारांतून भाजी आणली' हें वाक्य घ्या. यांतील एकेका शब्दाच्या जागीं कोरियन शब्द ठेवीत गेलें तर क्रम न बदलतां सरळ कोरियन वाक्य तयार होतें. 'बाजारांतून' यांतला 'तून' सुद्धां जेथल्या तेथें, नामाच्या पाठीमागें. क्रियापद त्यांच्याकडेही शेवटीं येतें. इंग्रजी बोलावयाची तर त्यांना आणि आम्हांला सारखीच कसरत: शेवटचा पाहुणा उचलून दुसऱ्या पाटावर बसवावयाचा आणि मागच्या प्रत्ययांना पुढें आणावयाचें. ही कसरत कोठें चुकते, कोणत्या शब्दाशीं पाय घसरतो, तें आम्हांस पाठ आहे, कारण तेथेंच आमचा पाय घसरत असे.

इंग्रजी शिकणाराचा जन्मभर छळ करणारे दोन लहान शब्द आहेत: 'अ' आणि 'द'. मराठींत ते नाहींत, कोरियनमध्येंही नाहींत. ज्याची मातृभाषा इंग्रजी त्यास विचारावें कीं येथें 'द' कां, तर तो म्हणतो, 'तसें कानाला बरें लागतें म्हणून.' उत्तर खरें आहे. पण ज्याचा कान तसा घडलेला नाहीं त्यानें काय करावें? आमच्या वडिलांनीं तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर आपलें इंग्रजी पक्कें केलें आणि तेंच पुस्तक आमच्या हातीं दिलें. त्यांतून आम्हांस एक संवय लागली: अडलें कीं मराठीकडे जाऊन पाहावें. 'द'साठीं आम्ही आटपाट नगराकडे गेलों. आटपाट नगर होतें, तेथें एक राजा होता, त्या राजाला दोन राण्या होत्या. आतां यांत 'त्या राजाला' काढून 'एका राजाला दोन राण्या होत्या' असें म्हणून पाहा. ऐकणारें मूल तत्काळ विचारील, हा दुसरा राजा कोठून आला? हेंच 'अ' आणि 'द' यांचें पहिलें मर्म. कोरियन कथांत आटपाट नगर नाहीं, पण 'वाघ तंबाखू ओढीत असत त्या काळीं' अशी सुरेख सुरुवात आहे. आणि त्या कथेंत राजा प्रथम येतो तेव्हां त्याला 'इ' हा प्रत्यय लागतो, एकदां ओळख पटली कीं 'उन' लागतो. आम्हीं हें पडद्यावर लिहून दाखविलें तेव्हां तो हिशेबनीस खुर्चींतून अर्धा उठला. बारा वर्षें शिकलेल्या नियमांना त्याच्या आजीच्या गोष्टींत जागा सांपडली होती. अर्थात् ही किल्ली सर्व कुलुपांना लागत नाहीं. नदीच्या नांवाआधीं 'द' येतो आणि सरोवराच्या येत नाहीं, तेथें पाठांतराखेरीज गति नाहीं. आणि तसें आम्ही स्पष्ट सांगतों.

उच्चारांचें प्रकरण अधिक मौजेचें. कोरियनमध्यें जोडाक्षरानें शब्द सुरू होत नाहीं, म्हणून 'स्ट्राइक' या एका झटक्याच्या शब्दाचे तेथें पांच तुकडे होतात: सु-तु-रा-इ-कु. आपल्याकडचे 'इस्कूल' आठवावें. 'फ'चा इंग्रजी उच्चार त्यांच्याकडे नाहीं, म्हणून कॉफीची 'कोपी' होते. आमच्या आजोबांच्या पिढीस 'फळ' म्हणतांना दोन्ही ओंठ मिटावे लागत. आजच्या मुंबईकर मुलास तेंच 'फळ' दांत ओंठावर टेकवून म्हणण्याची खोड लागली आहे. दोन्ही फ आमच्या ओळखीचे असल्यामुळें ओंठ कोठें आणि दांत कोठें हें आम्ही दाखवूं शकतों. क आणि ख यांतला भेद त्यांना उत्तम कळतो, परंतु क आणि ग यांतला, प आणि ब यांतला कळत नाहीं. त्यांच्या मोठ्या बंदराचें नांव रोमन लिपींत पूर्वी 'पुसान' लिहीत, २००० सालच्या नव्या नियमांनीं तें 'बुसान' झालें. बंदर जागचें हललें नाहीं. आणि गंमत अशी कीं ही सारी चर्चा कंठ्य, दंत्य, ओष्ठ्य अशा वर्गांनीं करावी तर त्यांना ती परकी वाटत नाहीं. सेजोंग राजानें १४४३ साली रचलेली आणि १४४६ साली प्रसिद्ध केलेली त्यांची लिपि जीभ, दांत, कंठ, ओंठ यांच्या स्थानांवरूनच मांडलेली आहे. आपण बालवर्गांत घोकलेली वर्णमाला इतक्या दूरच्या माणसाशीं बोलण्यास उपयोगीं पडेल, असें आमच्या पंतोजींच्या स्वप्नांतही आलें नसेल.

यावरून कोणी घाईनें नातें जोडूं नये. घाई पूर्वी झालेली आहे. १८८६ सालच्या त्या तीन अमेरिकन शिक्षकांपैकीं होमर हल्बर्ट यांनीं पुढें कोरियन आणि हिंदुस्थानांतील द्राविड भाषा यांचें तौलनिक व्याकरण लिहिलें. या दोन भाषांचें मूळ एक असावें असें त्यांस वाटत होतें. आजचे भाषापंडित तें मानीत नाहींत. परंतु आमच्या समोरच्या घरीं राहणाऱ्या तमिळ बाईंना ही चर्चा सांगण्याची सोय उरली नाहीं. शीव-माटुंग्यास तमिळ शेजार नसलेला माणूस विरळा. कोरियन मूलही वडिलांना 'अप्पा' म्हणतें, एवढें ऐकतांच त्यांनीं निकाल देऊन टाकला.

आणखी एक लहान शब्द आमच्या फार उपयोगीं पडला. कोरियन मनुष्य 'माझी आई' म्हणत नाहीं, 'आमची आई' म्हणतो. आमचें घर, आमची शाळा, आमचा देश. तेंच धोरण इंग्रजींत चालवून तो हिशेबनीस पहिल्या आठवड्यांतच 'आमची बायको पुण्याजवळ रांजणगांवास एकदां येऊन गेली आहे' असें निर्व्याज मुद्रेनें म्हणाला. एखादा अमेरिकन शिक्षक खुर्चींतून पडला असता. आम्हांस हंसूं आलें, पण आश्चर्य वाटलें नाहीं. आपल्याकडे 'आमची मंडळी माहेरीं गेली आहे' असें एकटा गृहस्थ म्हणतच असे, आणि गृहिणी अजूनही 'आमचे हे' म्हणते. हा लेख लिहितांनाही आम्ही 'आम्ही' म्हणत आहोंत आणि लिहिणारा एकटाच आहे. तेव्हां इंग्रजींत हा 'आम्ही' कोठें काढून ठेवावा आणि कोठें तसाच राहूं द्यावा, हें सांगतांना आमच्या मनांत त्याच्याविषयीं उपहास नव्हता. शिकणाऱ्यास तेवढें पुरतें.

इंग्रजी ज्यांच्या घरची आहे त्यांचें मोल आम्ही नाकारीत नाहीं. थट्टा, शिव्या, लाडाचे शब्द, रस्त्यांतली घाईची बोली, हें त्यांच्याकडूनच घ्यावें. आमचें इंग्रजी इस्तरी केलेल्या सदऱ्यासारखें आहे आणि तें घालून कोणी झोपत नाहीं. आमचा नातू इंग्रजी शाळेंत जातो, त्याचें इंग्रजी आमच्याहून सफाईचें आहे. एके दिवशीं आम्हांस बरें नव्हतें म्हणून त्यास पाठ घेण्यास बसविलें. विद्यार्थ्याचें वाक्य चूक आहे हें त्यानें क्षणांत ओळखलें. कां चूक आहे हें त्यास सांगतां येईना, आणि तो चिडला. ज्या रस्त्यानें तो कधीं पायीं चाललाच नाहीं त्यावरचे दगड त्यास कोठून ठाऊक असणार? मराठींतून विचारलें असतें तर कदाचित् सांपडलें असतें, पण तें दारही त्याच्या शाळेनें अर्धें बंद केलें आहे. याबद्दल आमचें आणि आमच्या सुनेचें मत एक नाहीं, म्हणून हा विषय येथेंच सोडतों.

बुसानच्या परिचारिकेची अडचण निराळ्या जातीची होती. तिला परदेशांतल्या इस्पितळांत नोकरी करावयाची होती. शब्दसंग्रह उत्तम, औषधांचीं नांवें मुखोद्गत. पण पाठांत आम्ही डॉक्टर होऊन बोलूं लागलों कीं ती गप्प होई. बऱ्याच दिवसांनीं कारण उमगलें: 'यू'. कोरियनमध्यें वडीलधाऱ्या माणसास 'तूं-तुम्ही' असें तोंडावर म्हणण्याची सोय नाहीं. हुद्द्यानें किंवा नात्यानें हांक मारावयाची. म्हणून तीं मंडळी आम्हांस 'टीचर, टीचर' म्हणतात. साहेबाच्या कानाला तें खडबडीत लागतें, पण त्यामागें त्यांचें आदरार्थी 'सन्‌सेंग्‌निम' उभें असतें, जसें आपल्या 'सर'मागें 'गुरुजी' उभें असतें. डॉक्टरला 'यू' म्हणणें म्हणजे आपण इस्पितळांतल्या मोठ्या डॉक्टरांना 'अरे तूं' म्हणण्यासारखें. आम्हीं तिला आमची गोष्ट सांगितली: मराठींत तूं, तुम्ही, आपण अशा तीन पायऱ्या आहेत, आणि पहिल्यांदा आमच्या मुख्याध्यापकांपुढें इंग्रजींतून बोलतांना आमचीही जीभ टाळूला चिकटली होती. इंग्रजीचा आदर सर्वनामांत नसतो; तो 'मे आय्', 'वुड यू' अशा क्रियापदांच्या पुढच्या शब्दांत आणि आवाजांत असतो.

ही केवळ शिष्टाचाराची बाब नव्हती. औषधाचें प्रमाण चुकलें आहे असें परिचारिकेच्या ध्यानीं आलें आणि ती शब्दाअभावीं उभी राहिली, तर त्याची किंमत तिसराच कोणी देतो. ती म्हणे, आपल्याकडेही मोठ्यांना असें विचारणें जड जातें. मग परक्या भाषेंत कसें विचारूं? आम्हीं तिला एकच वाक्य दिलें: 'डॉक्टर, मे आय् चेक दॅट डोस विथ यू?' तीन दिवस तेंच वाक्य. पहिल्या दिवशीं तिनें तें वहीकडे पाहून म्हटलें. दुसऱ्या दिवशीं पडद्याकडे पाहून, पण शेवटचा 'यू' गिळून. तिसऱ्या दिवशीं आम्हीं मुद्दाम त्रासिक चेहरा करून, हातांतले कागद चाळीत बसलों आणि तिच्याकडे लक्षच दिलें नाहीं. दहा वेळां तिनें तें म्हटलें. अकराव्या वेळीं खालच्या रस्त्यावरून एक अवजड ट्रक भोंगा वाजवीत गेला आणि आम्हांस खरोखरच कांहीं ऐकूं आलें नाहीं; तेव्हां आम्हीं मान वर करण्याच्या आधींच तिनें तें वाक्य आपण होऊन, अख्खें, मोठ्यानें पुन्हां म्हटलें.